दोनशे चौदा बटणं

मी एक्केचाळीस वर्षं खिळे जुळवले. आता खिळे म्हटलं की लोकांना भिंतीत ठोकायचे खिळे वाटतात, म्हणून सांगतो. छापखान्यात शिशाची सुटी अक्षरं असायची, त्यांना आम्ही खिळे म्हणायचो. एकेक उचलून ओळ लावायची, ओळींचं पान बांधायचं, पान छापायला द्यायचं. समोर लाकडी केस असायची, तिला शंभराच्या वर खण, आणि एकाही खणावर नाव लिहिलेलं नसायचं. कुठलं अक्षर कुठे ते हाताला ठाऊक असायचं. मी गप्पा मारत जुळवायचो, भांडत जुळवायचो, आणि माझी चूक कुणी काढलीच तर काढणाऱ्याला चहा पाजायचो. फार चहा पाजावा लागला नाही.

मग छापखान्यात कॉम्प्युटर आला. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा खुर्ची दिली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. म्हणाले, "काका, आता तुमची गरज नाही." मी उठलो, केसवरची धूळ पुसली आणि घरी आलो. त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून कॉम्प्युटर या वस्तूशी माझं उभं वैर होतं.

आणि मुलानं लग्न ठरवलं ते दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या मुलीशी. तिला जन्मापासून दिसत नाही. मी कुरकुर केली तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारा डोळ्यांवरून नाक मुरडतोय. मी ठासून सांगत होतो की माझा राग फक्त कॉम्प्युटरवर आहे. खरं सांगायचं तर थोडा डोळ्यांचाही प्रश्न होताच. आता सांगायला लाज वाटते, पण होता. पुढे सहा महिन्यांत काय झालं, तर वस्तू जागच्या जागी ठेवणारा घरात मी एकटाच होतो, ते आम्ही दोघं झालो. कात्री कुठे, चष्मा कुठे, विजेचं बिल कुठे, हे सूनबाईला विचारावं. आमची ही आणि मुलगा दोघंही पसारेवाले, ते एका बाजूला पडले आणि घरात आमचं संख्याबळ बरोबरीला आलं.

सूनबाई रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करते. कीबोर्ड वाजवते, पण तिचं खरं काम आवाज जमवण्याचं. एखाद्या गाण्यात चाळीस आवाज वेगवेगळे घेतलेले असतात. कुणाला पुढे आणायचं, कुणाला मागे सारायचं, कुणाचा श्वास खटकतोय तो कुठे झाकायचा, हे सगळं कॉम्प्युटरवर करून त्या चाळिसांचं एक गाणं करायचं. ती पडदा बघत नाही, कॉम्प्युटर तिला वाचून दाखवतो. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. ती कळा दाबत जाते आणि तो पडद्यावर जे असेल ते बोलत जातो, इतक्या वेगानं की मला तो डब्यात वाटाणे हलवल्यासारखा ऐकू यायचा. घरात त्याचं नाव बडबड्या. "तुला यातलं खरंच काही कळतं?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "बाबा, तुम्ही भांडता तेव्हा याच्यापेक्षा भरभर बोलता."

ही गोष्ट एका सोमवारी सुरू झाली. त्या दिवशी ती घरी आली, काठी कोपऱ्यात ठेवली आणि जेवताना एक शब्द बोलली नाही. हिनं मला डोळ्यांनी खुणावलं, विचारा म्हणून. मी फटकळ माणूस, मला आडवळणानं विचारता येत नाही.

"काय गं, कुणी काही बोललं का?"

"नाही," ती म्हणाली. "कुणी काही बोललं नाही. बडबड्यासुद्धा."

स्टुडिओनं सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली होती. जेवणानंतर तिनं घरच्या लॅपटॉपवर तीच आवृत्ती उघडून मला ऐकवली. ती कळ दाबत गेली आणि बडबड्या म्हणत गेला, "बटण. बटण. बटण. बटण." जुन्या आवृत्तीत प्रत्येक बटणाला नाव होतं आणि तो ते नाव वाचायचा. नव्यात कंपनीच्या शहाण्यांनी सगळीकडे सुंदर चित्रं टाकली आणि चित्रांच्या मागे नावं लिहायचीच राहिली. डोळेवाला चित्र बघून बटण दाबतो, त्याला पत्ताही लागत नाही की काही हरवलंय. तिच्या पुढ्यात मात्र नुसत्या बंद दारांची रांग.

"मग जुनंच वापर ना," मी म्हणालो.

"बाकीच्या खोल्यांमध्ये नवं घातलंय. तिथल्या फायली जुन्यात उघडत नाहीत."

"कंपनीला कळव."

"दुपारीच कळवलं. 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं."

नोंद घेणाऱ्या लोकांचा मला जन्माचा अनुभव आहे.

खरी अडचण शनिवारची होती. चोवीस जणांच्या एका समूहगायनाचं गाणं तिच्याकडे आलं होतं, तेच तिनं घरच्या लॅपटॉपवर उघडलं होतं, आणि त्या गटाच्या बाई शनिवारी सकाळी स्वतः समोर बसून काम करून घेणार होत्या. स्टुडिओचे मालक तिला म्हणाले होते, "हे बघ, मला तुझ्या कानांबद्दल शंका नाही. पण प्रत्येक बटणासाठी तू कुणाला तरी हाक मारणार असशील तर माझं काम कसं चालायचं? शनिवारचं गाणं नव्या आवृत्तीवर तू एकटीनं केलंस तर मिक्सिंगची खोली तुझी. नाहीतर तू कीबोर्ड वाजव, आवाज मी दुसऱ्याकडून जमवून घेतो."

माणूस वाईट नव्हता. आमचे छापखान्याचे मालकही वाईट नव्हते.

मला माझ्या केसची आठवण झाली. एकदा मालकांच्या भाच्यानं सुट्टीत केस धुऊन चकचकीत केली आणि खिळे परत भरताना स्वतःच्या अकलेनं खण बदलले. मी सकाळी येऊन पान लावलं, तपासायला मुद्रित काढलं तर पानभर नुसतं अगम्य. डोळे धडधाकट असताना त्या दिवशी मला एक ओळ सरळ लावता आली नव्हती. माझ्या हाताखालची माझी जागा कुणीतरी मला न विचारता बदलली होती, याचा संताप मला अजून आहे. म्हणून ते "बटण, बटण" ऐकताना मला तिच्याइतकाच राग आला, कदाचित जास्तच. ती समजूतदार आहे.

"या बडबड्याला आपण नावं शिकवू शकतो का?" मी विचारलं.

तिनं हात कळांवरून काढला. मग म्हणाली, "शकतो. प्रत्येक बटणाला आपण आपलं नाव देऊ शकतो. पण कुठलं बटण कसलं, हे आधी कुणीतरी बघून सांगायला हवं. दोनशेच्या वर आहेत, बाबा."

"मी रोज चार पानं लावायचो. दोनशे म्हणजे काय!"

आणि अशा रीतीनं, ज्या वस्तूचं तोंड बघणार नाही असं मी बारा वर्षं म्हणत होतो, तिच्यासमोर मंगळवारी सकाळी सात वाजता चष्मा पुसून बसलो. ती अकरा वाजता कामाला जायची. चार सकाळी आमच्या हातात होत्या.

मला चित्रांतलं काही कळत नव्हतं, आणि तिला चित्रं दिसत नव्हती. त्यामुळे आमचं काम असं चालायचं.

"काय दिसतंय?"

"तंबू. आणि तंबूत एक तिरकी काठी."

"तंबू?" तिनं कळ दाबली. लॅपटॉपमधून टक, टक, टक असा ठेका सुरू झाला. "मेट्रोनोम आहे, बाबा. गायकाला ताल द्यायचा."

"मग नाव काय द्यायचं?"

"मेट्रोनोम."

"फार लांब. ऐकेपर्यंत गाणं संपेल. टकटक लिही."

नावांवरून आमची रोज जुंपायची. माझा चाळीस वर्षांचा धंदाच ओळीत बसेल तेवढं ठेवण्याचा. आवाज बंद करायच्या बटणाला ती म्यूट म्हणत होती, मी म्हटलं 'गप्प'. बाकीचे सगळे थांबवून एकच आवाज ऐकवणारं बटण, त्याला 'एकटा'. त्याच्या शेजारी आवाज डाव्या कानात की उजव्या ते ठरवणारं, ते 'बाजू'. लाल टिकलीचं, आवाज टिपून घ्यायचं, ते 'नोंद'. सुरुवातीला ती हसत होती. बुधवारी ती स्वतःच म्हणाली की छोटी नावं कानाला बरी पडतात, आणि मी दिवसभर हिच्यापुढे ताठ मानेनं फिरलो.

सगळ्यात शेवटच्या ओळीत दोन बटणं शेजारी शेजारी होती. दोनशे तेरावं बटण गाणं पक्कं करून त्याची फायल काढायचं. दोनशे चौदावं बटण केलेली सगळी जमवाजमव पुसून गाणं पुन्हा कच्च्यावर आणायचं, आणि तेही काही न विचारता. पूर्वी ही कामं कळांवरून व्हायची, नव्या आवृत्तीत तीही सोय काढलेली. हे ज्यानं शेजारी ठेवलं त्याला मी आमच्या छापखान्यात फरशी पुसायलाही ठेवलं नसतं. पहिल्याला आम्ही 'पक्कं कर' म्हटलं. दुसऱ्याचं नाव मी हट्टानं ठेवलं, 'हात लावू नको'.

एक गोष्ट तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितली होती. "बाबा, हा नाव बटणाला चिकटवत नाही. त्याच्या नंबराला चिकटवतो. पहिल्यापासून कितवं, एवढंच तो लक्षात ठेवतो."

"म्हणजे आमच्या केससारखंच. खणाला महत्त्व," मी म्हणालो आणि शहाण्यासारखी मान हलवली.

शुक्रवारी सकाळी दहाला दोनशे चौदावं नाव लिहून झालं. मी वहीतली यादी घेऊन बसलो आणि तिनं बडबड्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत पळवलं. मी मुद्रित तपासावं तशी एकेकाशेजारी खूण केली. एकही चूक नव्हती. आमच्या हिनं दारातून विचारलं, "झालं का तुमचं बारसं?" सूनबाईनं माझा हात शोधून धरला आणि म्हणाली, "बाबा, आता मला सगळं दिसतंय." ती असं सहज बोलते. मला मात्र चष्मा पुन्हा पुसावा लागला.

शनिवारी मुलाला कामाची पाळी होती, म्हणून तिच्याबरोबर मी गेलो. मालकांनी मला मिक्सिंगच्या खोलीत मागच्या सोफ्यावर बसू दिलं, पण बोट दाखवून म्हणाले, "काका, तोंडातून एक अक्षर नाही. तुम्ही सांगितलंत असं झालं तर ते तिचं काम नाही." मी म्हटलं कबूल. खोली बंद डब्यासारखी होती. भिंतींना करडा स्पंज, जाड गालिचा, पुढे काच, आणि टेबलावर आमच्या लॅपटॉपच्या तिप्पट मोठा पडदा. घरी लिहिलेली नावं ती सोबत घेऊन आली होती, ती तिनं इथल्या कॉम्प्युटरवर चढवली. समूहगायनाच्या बाई तिच्या शेजारी बसल्या. साठीच्या, केस आखूड कापलेले, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. एरवी सूनबाई बडबड्याचा आवाज एका कानात घेते, पण मालक म्हणाले, "स्पीकरवर असू दे. मलाही ऐकू दे काय चाललंय."

गाणं वाजलं. चोवीस माणसं एका दमात गात होती आणि सगळं एकमेकांत चिकटलं होतं. बाई म्हणाल्या, "माझ्या दुसऱ्या रांगेतल्या बायका नेहमी बुडतात. बघा काही होतंय का."

"आधी त्यांना एकट्यांना ऐकते," सूनबाई म्हणाली. तिची बोटं कळांवर गेली. बडबड्या म्हणाला, "दुसरी रांग, एकटा." तिनं दाबलं.

दुसऱ्या रांगेतल्या बायका नाहीशाच झाल्या. बाकीचे सगळे मजेत गात होते.

मालकांनी हाताची घडी घातली. मी पडद्याकडे बघितलं. पडद्याच्या डाव्या कडेला फायलींची एक पट्टी सताड उघडी होती, आणि तिच्या डोक्यावर ती बंद करायचं फुलीचं एक बटण.

ती पट्टी घरीही उघडायची. रोज सकाळी लॅपटॉप चालू केला की मी ती आधी बंद करून टाकायचो, सूनबाई चहाचा कप ठेवून खुर्चीत बसायच्या आत. काम सुरू करण्यापूर्वी समोरची फळी मोकळी करायची, हे वळण माझ्या हाडात आहे. नको असलेली वस्तू कामावर दिसली की माझा हात आपोआप ती बाजूला करतो. तिला मी हे सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही केलंय असं मला वाटलंच नाही. आता ती पट्टी उघडी, म्हणजे सुरुवातीला एक बटण जास्त, म्हणजे आम्ही दिलेली दोनशे चौदाच्या दोनशे चौदा नावं एकेक घर सरकलेली. मी मालकांच्या त्या भाच्याच्या वर ताण केली होती.

एक वाक्य बोललो असतो तर काम झालं असतं. 'डावीकडची पट्टी बंद कर.' आयुष्यभर नको तिथे बोललो आणि आज बोलायचं तिथे तोंडाला कुलूप. मी रुमाल काढून दातात धरला. अगदी खरं सांगतोय, दातात धरला.

तिनं तेच बटण पुन्हा दाबलं. बायका परत आल्या. मग ती 'गप्प'वर गेली आणि दाबलं. गाण्यात काहीच बदल नाही, पण पडद्यावर लाल टिकली पेटली, आणि बडबड्या म्हणाला, "चालू." तिनं ती लगेच बंद केली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"काही अडलंय का?" मालक म्हणाले.

"नाही. एक मिनिट द्या."

तिनं दोन कळा एकत्र दाबल्या. बडबड्या म्हणाला, "एकूण बटणं, दोनशे पंधरा."

मला तिचा चेहरा बाजूनं दिसत होता. ती हसली. मोठं नाही, चोरी सापडल्यावर पोलीस हसत असेल तेवढंच.

त्यानंतर मी जे बघितलं ते विसरणार नाही. बडबड्या एक बोलत होता आणि ती दुसरंच करत होती. तो म्हणाला "बाजू", तिनं दाबलं, आणि दुसऱ्या रांगेतल्या बायका एकट्या, स्वच्छ ऐकू आल्या. तो म्हणाला "एकटा", आणि एका गायकाची खोकल्याची उबळ गप्प झाली. गाण्याच्या शेवटच्या आवाजावर जाऊन तिनं तसंच करून बघितलं. वरच्या ओळीत 'टकटक'च्या पुढचं बटण दाबलं, ठेका वाजला, तो लगेच बंद केला. मग तिचा वेग वाढला. आवाज कमीजास्त करणं बाणांच्या कळांवर होतं, तिथे तिला कुणाची गरजच नव्हती. समूहगायनाच्या बाई आधी पडद्याकडे बघत होत्या, थोड्या वेळानं त्यांनी डोळे मिटून घेतले. चाळीस मिनिटं ती एक ऐकत होती, मनात एक घर मागे जात होती आणि बरोबर बोट ठेवत होती, आणि हे सगळं चालू असताना तिचे कान मात्र गाण्यात होते. खिळ्यांवर अक्षर उलटं असतं, तशा उलट्या अक्षरांच्या ओळी मी एक्केचाळीस वर्षं वाचल्या. मला विचाराल तर हे मला जमलं नसतं. आमच्या छापखान्यात कुणालाच जमलं नसतं.

दुसऱ्या रांगेतल्या बायका वर आल्या होत्या. पुरुषांचा आवाज खाली जमीन धरून होता आणि त्यावर त्या उभ्या होत्या, प्रत्येक शब्द सुटा. बाई म्हणाल्या, "बस. आता काही हलवू नका. हेच पक्कं करा."

ती शेवटच्या ओळीत गेली. बडबड्या म्हणाला, "पक्कं कर." ती पुढे गेली.

बडबड्या म्हणाला, "हात लावू नको."

तिचं बोट कळेवर थांबलं. मला सगळं कळत होतं. नावं सरकली आहेत, म्हणजे 'हात लावू नको'च्या खाली खरं तर पक्कं करायचं बटण आहे. कळत होतं तरी मी आपोआप उभा राहिलो, सोफा करकरला. नाव मी ठेवलं होतं ना, मलाच त्याची भीती. ती एक घर पुढे गेली. तिथे बडबड्या नुसताच म्हणाला, "बटण." बिननावाचं, एकुलतं एक. ती परत मागे आली.

"हात लावू नको."

"अहो, ते नको म्हणतंय," बाई घाबरून म्हणाल्या.

"म्हणू दे," सूनबाई म्हणाली आणि दाबलं.

एक निळी रेघ पडद्यावर हळूहळू भरत गेली. भरली. बडबड्या म्हणाला, "फायल तयार." मी सोफ्यावर बसलो तेव्हा मला कळलं की मी उभा होतो.

ते गाणं त्यांनी पहिल्यापासून ऐकलं. संपल्यावर बाई म्हणाल्या, "सतरा वर्षं मी त्या रांगेला सांगतेय की तुम्ही ऐकू येत नाही, जोरात गा. त्या ऐकू येत होत्या हो. मलाच कुणी ऐकवलं नव्हतं."

सूनबाई खुर्ची वळवून माझ्या दिशेला झाली. "बाबा, घरी तुम्ही काहीतरी बंद करून ठेवत होता का? सुरुवातीचं?"

रुमाल खिशात घालून मी म्हणालो, "डावीकडची पट्टी. फळी मोकळी केल्याशिवाय मला काम सुचत नाही. चुकलं माझं."

"एक शब्द सांगायचा ना."

"अगं, मला तरी कुठे कळलं? आणि इथे तर तोंड उघडायला बंदी."

मालक एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. "थांबा. म्हणजे आत्ता इतका वेळ बटणांची नावं चुकीची होती?"

"सगळी," ती म्हणाली. "एकेक घर सरकलेली. एक बटण जास्त आहे हे आकड्यावरून कळलं. दुसऱ्या रांगेपाशीच गडबड होती, म्हणजे जास्तीचं तिच्याही आधी. मग पुढचं सगळं सारखंच सरकलेलं असणार. तरी तीन ठिकाणी ताडून बघितलं." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "डोळे झाकून नाही दाबलं, बाबा. उगीच उभे राहिलात."

मालक टेबलाच्या कडेवर बसले. बराच वेळ त्यांनी हनुवटी चोळली. मग म्हणाले, "खोली तुझी. यात आता बोलण्यासारखं काही उरलं नाही." तिनं मान हलवली. मला वाटलं मी उडी मारीन. पण ते पुढे म्हणाले, "मात्र एक करू. पुन्हा असं काही सरकलं तर उगीच घोटाळा नको. काका घरी मोकळेच असतात. काका, रोज येत जा हिच्याबरोबर. पडद्यावर नजर ठेवायची, एवढंच. मी रीतसर पगार देईन."

बारा वर्षांनी मला कुणी काम देत होतं. बसायला सोफा, समोर टेबल, वेळेवर चहा. खोटं कशाला बोलू, माझा जीव त्या सोफ्यात क्षणभर अडकला.

"त्यांची गरज नाही," सूनबाई म्हणाली.

ती शांतपणे पुढे म्हणाली, "मला माणूस नकोय. नावं हवी आहेत. बाबांनी आणि मी चार सकाळी घालवून जे केलं ते कंपनीचं काम होतं. त्यांनी एकदा नावं लिहिली की ती बटणालाच चिकटतील, सरकणार नाहीत, आणि माझ्यासारखा जो कुणी जिथे असेल त्याला ती मिळतील. मी एकटीनं लिहिलं की ते नुसती नोंद घेतात. स्टुडिओच्या कागदावर, तुमच्या सहीनं पत्र जाऊ द्या. यादी आमच्याकडे तयार आहे. दोनशे चौदा नावं, बाबांनी तपासलेली."

"दोनशे पंधरा," मी म्हणालो. "फुलीच्या बटणाचंही नाव घाल."

मालक हसले. "लिहा पत्र. सही करतो."

मी बाहेर पॅसेजमध्ये आलो, पाण्याच्या पिंपाशेजारी उभा राहिलो आणि घरी फोन लावला. हिनं पहिल्याच घंटीला उचलला, म्हणजे फोन हातातच धरून बसली होती.

"काय झालं हो? जमलं का तिला?"

मी आधी रुमाल काढला. छापखान्याच्या त्या केबिनमध्ये हेच वाक्य ऐकलं तेव्हा मी कोरड्या डोळ्यांनी घरी आलो होतो, आणि इथे नाकाडोळ्यांतून पाणी.

"अहो, बोला ना. काय झालं?"

"सूनबाईनं मला कामावरून काढलं," मी म्हणालो. "मालकांच्या तोंडावर म्हणाली, यांची गरज नाही."

मग आमची ही म्हणाली, "म्हणजे खोली मिळाली."

"मिळाली," मी म्हणालो.